मठाच्या तळ्यातला वाळै

शेषगिरीबद्दल तंजावुरात दोन मतं होती आणि दोन्हींत त्याची धडगत नव्हती. घरची माणसं म्हणत, देशस्थाच्या पोटी जन्मून हा मासे धरतो. मासे खाणारी माणसं म्हणत, हा मासे धरतो आणि सोडून देतो. पहिल्यांच्या लेखी तो पापी, दुसऱ्यांच्या लेखी खुळा. त्याला स्वतःला काय वाटतं हे कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर त्याला धड सांगता आलं असतं असंही नाही.

राजवाड्यामागच्या गल्लीत त्याची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. वडिलांनी, वेंकटरावांनी काढलेली. खाली मशीनं, वर बिऱ्हाड. कॉम्प्युटर आले तेव्हाच ती बंद पडायची, पण सरकारी नोकरीला टायपिंगची परीक्षा अजून लागते म्हणून पोरंपोरी येत राहिली, आणि सकाळ-संध्याकाळ त्या गल्लीत पत्र्यावर हरभरे ओतल्यासारखा आवाज होत राहिला. शेषगिरी पट्टी हातात धरून त्यांच्या मागून फिरे. बोटांकडे बघायचं नाही, कागदाकडे बघायचं, एवढंच तो शिकवी. साठीला आला होता. मुलगी हरिता चेन्नईत नोकरीला. बायको भामा घर, देव आणि त्याचं पाप, तिन्ही सांभाळून होती.

गळाचा नाद निलगिरीतला. विशीत तो तिथल्या एका चहामळ्याच्या ऑफिसात टायपिस्ट होता. मळ्याचा मॅनेजर कूर्गकडचा, कोडगू गृहस्थ. रविवारी ओढ्यावर ट्राउट धरायला जायचा आणि पिशवी उचलायला शेषगिरीला न्यायचा. त्याच्या गळाला किडा नसे, कणकेची गोळी नसे. पिसं आणि रेशीम गुंडाळून केलेली खोटी माशी असे, फुंकरीनं उडेल इतकी हलकी. वजन असे ते दोराला. तो दोर डोक्यावरून मागे-पुढे खेळवत न्यायचा आणि माशी हवी तिथं पाण्यावर ठेवायची. शेषगिरीला ते जमलं. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी न घोकता जमलं. मॅनेजरनं तीन गोष्टी बजावल्या होत्या. माशाला कोरड्या हातानं शिवायचं नाही. पाण्याबाहेर उचलायचं नाही. जिथं धरला तिथंच सोडायचा. पुढे वडिलांच्या छातीत कळ आली, नोकरी सोडून तो तंजावुराला आला आणि येताना मॅनेजरची जुनी काठी घेऊन आला.

कावेरीच्या या सपाट मुलखात ट्राउट कुठून असणार? इथं वाळै असतो. अंगावर खवलं नाहीत, चांदीचा पत्रा वाकवून केल्यासारखा लांबट देह, जबडा कानापर्यंत फाटलेला, आत कानशीसारखे दात, आणि ओठाशी दोन लांब मिशा. लहान मासे गिळून जगतो आणि माणसाच्या मांडीपेक्षा लांब होतो. खोट्या माशीवर हा मासा येतो यावर कोणाचा विश्वास नव्हता. शेषगिरीनं शेळीचे पांढरे केस आणि भामाच्या विरलेल्या साडीची जर घेऊन बोटभर मासोळीसारखं दिसेल असं काहीतरी बांधलं, दात लागून दोर तुटू नये म्हणून पुढे बारीक तार लावली, गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट केला, आणि शहराबाहेर वेण्णार नदीवरच्या बंधाऱ्याच्या एका शटरखाली जाऊन उभा राहिला. शटरच्या झडपांतून पडणाऱ्या पाण्यानं तिथं खोल डोह केला होता. पहिला वाळै लागायला दोन पावसाळे गेले.

तेव्हापासून आठवड्यातून एकदा, पहाटे, मोपेडवरून, एकटा. जूनमध्ये मेट्टूर धरणाचं पाणी सुटलं की सुरुवात. जानेवारीअखेर धरण बंद झालं आणि नदीची वाळू उघडी पडायला लागली की काठी छताला. उन्हाळ्यात डोहाचं पाणी तापतं, त्यात दमलेला मासा सोडला तरी जगत नाही, म्हणून उन्हाळ्यात तो नुसता बघायला जाई. पावसाळ्यात मासा लागला की कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्याला ओल्या हातांनी सांभाळायचं, गळ सोडवायचा, तोंड प्रवाहाकडे करून धरून ठेवायचं. आधी तो हातात नुसता पडून असतो. मग कल्ले भरायला लागतात, शेपटीत जीव येतो, आणि एका क्षणी हातात फक्त पाणी उरतं. त्या क्षणासाठी तो जात होता. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल खुणा करणाऱ्या माणसाला, आपण काहीतरी धरलं आणि ते मोडलं नाही, एवढं पुरे होतं.

शटरजवळच्या गावातला मणी तिथंच जाळं फेकायचा. सुरुवातीला तो हसला, मग त्याला सवय झाली. शेषगिरीला तो रायरे म्हणे, म्हणजे राव.

"रायरे, एवढा मोठा सोडलात? घरी नेला तर बायको मारते काय?"

"न नेता मारते," शेषगिरी म्हणे.

त्या डोहात एक वाळै होता, डाव्या बाजूची मिशी अर्धी तुटलेला. दर एक-दोन वर्षांनी तो शेषगिरीच्या गळाला लागे आणि दर वेळी जास्त जड झालेला असे. शेषगिरीनं हे भामालाही सांगितलं नव्हतं, पण मुलगी चेन्नईला गेल्यावर त्या घरात तो सर्वांत जास्त आठवण काढायचा ती या माशाची.

या वर्षी पंगुनी महिन्यात, मार्च सरता सरता, मणीचा फोन आला. शटरखालची फरशी खचली होती. उन्हाळ्यातच काम उरकायचं म्हणून पंप लावून सगळा डोह उपसणार होते.

"सगळं गाव येणार, रायरे. जत्राच. तुम्हीपण या बघायला."

शेषगिरी लगेच मोपेडवर बसून गेला. "मणी, त्यातला एक मला दे."

"खाणार?" मणीचे डोळे चमकले. "शेवटी खाणार?"

"जिवंत हवा. मिशी तुटलेला आहे ना, तो."

"वाळैला मिशा असतातच, रायरे. मिशा नाहीत त्या तुम्हालाच." मग त्याचं तोंड बघून मणी हसायचा थांबला. "सरी, चालेल. एक तुमचा. बाकी आमचे. पण नेणार कुठं? नदीत तर माझा बैल चरतोय."

हाच प्रश्न होता. कालवे कोरडे, गावतळी तळाला गेलेली, आणि जिथं पाणी होतं तिथं जाळी होती. तंजावुरात शेषगिरीला ठाऊक असलेलं एकच पाणी असं होतं, जिथं माशाला कोणी हात लावत नाही. ते मठातलं.

मठ त्यांच्याच लोकांचा, गल्लीच्या टोकाला. आत दगडी पायऱ्यांचं चौकोनी तळं. आता ते बोअरवेलच्या पाण्यावर भरलेलं असतं. त्यात पिढ्यान् पिढ्या वाढलेल्या लहान केंडै माशांचे थवे. पायरीवर माणसाची सावली पडली की पोरी, म्हणजे चुरमुरे, मिळणार म्हणून तोंडं वर काढणारे. कोणाच्याही घरचं श्राद्ध झालं की पिंड या तळ्यात सोडायचे. मासे धावून येत, पिंड बघता बघता नाहीसा होई, आणि माणसं समाधानानं जेवायला जात. माशांनी तोंड लावलं म्हणजे पितरांनी घेतलं. हे कुठल्या पोथीत होतं कोणाला माहीत नाही, पण बंगळूर-हैदराबादेकडे गेलेली माणसंसुद्धा तेवढ्यासाठी तंजावुराला येत.

मठाची व्यवस्था सांबशिवकडे होती, शेषगिरीच्या मामेभावाकडे. तो चंदन उगाळत बसला होता.

"सांबा, एक मासा ठेवायचा आहे तळ्यात. पाणी येईस्तोवर. जुलैत आडी महिना लागला की मी परत नदीत नेऊन सोडतो."

"काय म्हणून?"

शेषगिरीनं सांगितलं. सांबशिवचा हात थांबला. इतक्या वर्षांत शेषूच्या तोंडून त्यानं माशाबद्दल एक शहाणी गोष्ट ऐकली नव्हती.

"म्हणजे खाणाऱ्यांच्या तोंडातून सोडवून आणणार? अरे, पुण्य आहे की हे! आजवर पाप केलंस त्यातलं थोडं फिटेल. आण, आण. त्याला पोरी चालते ना?"

 गेली पंचवीस वर्षं शेषगिरी शेळीच्या केसांच्या मासोळ्या कशासाठी बांधत होता हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. पण तळ्यात हजारो केंडै होते, आणि चारच महिन्यांचा प्रश्न होता, आणि उद्या पंप लागणार होते.

"खाईल काहीतरी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोह म्हणजे चिखलाची परात झाली होती. बायका टोपल्या घेऊन आल्या होत्या, पोरं गुडघाभर गाळात नाचत होती. कोणाचं काही चुकत नव्हतं. त्यांच्या गावचं पाणी, त्यांचे मासे. शेषगिरी काठावर छत्री घेऊन उभा होता. मणीनं शब्द पाळला. गाळातून तो त्याला दोन्ही हातांत घेऊन आला आणि पाण्यानं भरलेल्या निळ्या पिंपात ठेवला. पिंप छोटा हत्ती टेम्पोवर चढवलं, आणि शेषगिरी मागे पिंपाशी बसून, आत हात घालून, वाटभर पाणी हलवत राहिला. मठाच्या दारात पिंप उतरवून मणी बाहेरच थांबला. आत नेलं शेषगिरीनं आणि सांबशिवनं, धोतरं खोचून.

वाळै पायरीवरून घसरला, एकदा पांढरा दिसला आणि तळाशी गेला. सांबशिवनं त्याच्यावर मूठभर पोरी टाकली. केंडैंनी ती खाल्ली.

संध्याकाळी हरिताचा फोन आला. तिला मराठी समजायची, उत्तर ती तमिळमध्ये द्यायची. "अप्पा, अम्मा सांगत होती. पहिल्यांदाच कोणाला तरी बरोबर घेऊन आलात म्हणे."

भामा जवळच भाजी चिरत होती. फोन ठेवल्यावर तिनं वर न बघता विचारलं, "हा काय खातो हो?"

"पाण्यात असतं बरंच काही."

"पाण्यात पाणी असतं," भामा म्हणाली.

पहिले काही आठवडे बरे गेले. शेषगिरी रोज पहाटे मठात जाऊन पायरीवर बसे. कधी तळाशी एक लांब सावली सरके, कधी नाही. आपल्या माणसाला दवाखान्यात ठेवून आल्यावर येते तशी झोप त्याला येत होती, हलकी आणि मध्येमध्ये मोडणारी. मग एकदा त्याच्या लक्षात आलं की सावली पडली तरी केंडै येत नाहीत. तोंडं वर काढणारा तो सगळा थवा कुठं गेला कळेना. त्यानं पोरी टाकली. ती पाण्यावर तशीच फिरत राहिली आणि फुगून कडेला लागली. त्यानं ती हातानं गोळा केली आणि कोणाला दिसू नये म्हणून बागेत टाकली.

त्याच आठवड्यात हैदराबादेहून एक कुटुंब आईच्या वर्षश्राद्धाला आलं. विधी झाला, पिंड सोडला. पिंड तरंगत राहिला. माणसं वाट बघत राहिली. वर जेवणं खोळंबली. मोठ्या मुलानं पिंड काठीनं जरा पुढे ढकलला. तो तिथंही तरंगला. त्याची बायको राजम तोंडाला पदर लावून रडायला लागली, "मी शेवटी त्यांच्याजवळ राहिले नाही, ते त्यांनी धरून ठेवलंय." संध्याकाळी भात फुटून तीळ वेगळे झाले, तरी एकही तोंड वर आलं नाही.

मग दुसऱ्या घरचं तसंच झालं. मग तिसऱ्या. गल्लीत कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणालं, पितर कोपले. कोणी म्हणालं, तळ्यात बोअरचं पाणी भरता, त्यात कावेरी कुठं आहे? ज्यांनी भावाला वाटणी दिली नव्हती ते रात्रीचे जागे राहू लागले. शेषगिरी हे सगळं ऐकत होता, आणि मशीनं खडखडत असताना पट्टी हातात धरून भिंतीकडे बघत होता. एका मुलीनं दोनदा हाक मारली, "मास्तर, ओळ संपली."

वैशाखात त्याच्या वडिलांची तिथी आली. पिंड त्यानं स्वतः सोडला. त्याला माहीत होतं काय होणार ते. तरी पांढरा गोळा पाण्यावर स्थिर राहिला तेव्हा क्षणभर त्यालाही वाटलं की वडील बघत नाहीत. मग तो उठून तळ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेला आणि ओणवा झाला. तिथं पायरीचा दगड सरकून फट पडली होती. उरलेले सगळे केंडै त्या फटीत एकमेकांवर दाटून उभे होते, सगळ्यांची तोंडं बाहेर. हालत होते ते फक्त त्यांचे कल्ले.

सांबशिव मागे येऊन उभा राहिला होता. "तुझ्या घरचंही घेतलं नाही, शेषू. तिकडे काय बघतोस?"

"पितरांचं काही नाही, सांबा." शेषगिरी उठला नाही. "मासे भ्यालेत. माझ्या माशाला. तो मासे खातो."

सांबशिवच्या डोक्यात हे उतरायला थोडा वेळ लागला. आधी त्याच्या तोंडावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. "म्हणजे कोप नाही? खरं ना? नक्की ना?" आणि मग एकदम रंग चढला. "मांस खाणारा आणून ठेवलास मठात?"

"मासा आहे तो. मासे मासेच खातात."

"आमचे मासे पोरी खातात!"

"तुमचे मासेसुद्धा... जाऊ दे."

"आणि तुला माहीत होतं. मी विचारलं तुला, पोरी चालते ना म्हणून विचारलं. तू काय म्हणालास? ती हैदराबादची बाई गोळ्या घेऊन झोपते, माहीत आहे तुला?"

शेषगिरीला माहीत होतं.

"मणीला बोलावतो," तो म्हणाला. "जाळ्यानं एका फेऱ्यात निघेल."

"इथं जाळं? ते नवीन सुरू करू? कोणीही तळ्यात उतरायचं, आणि आत रक्त सांडायचं? बरं बोलतोस." सांबशिवनं आवाज खाली आणला, आणि तो जास्त वाईट लागला. "तूच काढ. तू धरतोस आणि मरू देत नाहीस ना? इतकी वर्षं गल्लीला तेच सांगत आलास. मठाच्या आराधनेच्या उत्सवाआधी काढ. सोडायचा कुठं ते तुझं तू बघ."

मे महिना होता. उन्हाळ्यात काठी हातात घ्यायची नाही हा नियम त्यानं कधी मोडला नव्हता. जिथला मासा तिथंच सोडायचा हा नियम त्यानं याच माशासाठी मोडला होता. आता मोडायला फार काही उरलं नव्हतं. रात्री तो छताची काठी काढत असताना भामानं बघितलं. मणीशी फोनवर ठरलं. कोल्लिडम नदीच्या पात्रात, अणैकट्टूच्या, म्हणजे बंधाऱ्याच्या, वरच्या अंगाला, खडकाजवळ एक खोल डोह अजून आहे. पिंप घेऊन तो पहाटे दारात थांबेल.

पायऱ्यांवर सांबशिव आणि गल्लीतले चार-पाच जण उभे होते. मासे धरताना आजवर शेषगिरीकडे मणीशिवाय कोणी बघितलं नव्हतं. दोर मागे गेला, पुढे आला, कोणीतरी "अय्यो, किती छान!" म्हणालं, आणि त्याला लाज वाटली. पांढरी खोटी मासोळी तळ्याच्या मध्यावर पडली. त्याचा अंदाज होता की चार-पाच पहाटा जातील. हा शहाणा मासा होता. नदीत तो माशी बघून घेई, मागे येई, परत जाई.

माशी बुडायच्या आत पाणी फुटलं. तो सरळ वर आला आणि त्यानं ती गिळली.

त्यात शेषगिरीचं काहीही कसब नव्हतं. मासा लढलाही नाही. दोन फेऱ्या मारून तो पायरीशी आला आणि शेषगिरी पाण्यात उतरला. मिशी अर्धी तुटलेली, डोकं तेवढंच मोठं. पण डोक्यामागे देह असा आटला होता की हात ठेवल्यावर कणा लागला. पाण्यात इतका कोमट मासा त्याच्या हाताला कधी लागला नव्हता. गळ आपोआप सुटला. तो त्याला धरून मागे-पुढे हलवत राहिला.

"काढ, काढ, पिंप आणलंय," वरून सांबशिव म्हणाला. "वा, शेषू. नुसता लोण्यातून केस काढल्यासारखा काढलास. आता मात्र मानलं हो तुला."

छोटा हत्ती करंदैच्या बाजूनं शहराबाहेर पडला तेव्हाच ऊन लागायला लागलं होतं. शेषगिरी मागे पिंपात खांद्यापर्यंत हात घालून बसला होता. तिरुवैयारूच्या अलीकडेच वाळै कुशीवर झाला. त्यानं सरळ केला. तो पुन्हा कलंडला. पोट वर आलं, पांढरं. कल्ले उघडत होते, पण एकसारखे नाही, आठवण आल्यासारखे मध्येच. शेषगिरीनं टपावर थाप मारली. मणीनं एका चिंचेखाली गाडी घेतली आणि मागे येऊन पिंपात बघितलं.

"पाण्यात हवा भरू? पाणी बदलू? पुढे पंपसेट आहे."

"त्यानं होईल?"

मणीनं बोटानं माशाच्या डोळ्याजवळ दाबलं. "नाही. आणि पोचला तरी, रायरे, खरं सांगू? त्या डोहावर रोज जाळी पडतात. एवढाच डोह उरलाय ना. तुम्ही मागितला म्हणून सांगितला मी."

शेषगिरी माशाला हलवत राहिला. त्याला वाटलं, अजून थोडं हलवलं तर. शेपटी एकदा थरथरली, आणि त्याच्या छातीत आशा आली, आणि त्याला त्या आशेची चीड आली. असं किती वेळ हलवणार? हे आता कोणासाठी चाललंय? आपल्या हातात मेला नाही असं म्हणता यावं म्हणून त्याला असाच डोहापर्यंत नेऊन, पाण्यात ढकलून, पाठ फिरवून यायचं. मग तो तळाशी जाऊन दोन दिवसांनी मरेल किंवा कोणाच्या जाळ्यात. सोडल्याचं पुण्य तेवढं पदरात.

"मणी," तो म्हणाला, "लवकर कसं करतात?"

मणीनं त्याच्याकडे बघितलं. हसला नाही. सीटखालून त्यानं लाकडी दांडकं काढलं. "डोक्यामागे एक. तुम्ही तिकडे जाऊन बसा. मी करतो."

"नको. मी धरतो."

त्यानं धरला. हात ओले होतेच. पहिल्या फटक्यात काम झालं. अंगातून एक लांब कंप गेला, शेवटपर्यंत, आणि हातात वजन उरलं.

मणीनं चिंचेखालीच सुरी घेऊन पोट फाडलं. उन्हात तसाच नेला तर नासला असता. आतलं सगळं त्यानं पानावर काढलं आणि बोटानं चाचपलं. मग शेषगिरीकडे न बघता म्हणाला, "रिकामं आहे. बऱ्याच दिवसांत काही मिळालेलं नाही याला. त्या फटीतून एकही बाहेर आला नसेल." थोड्या वेळानं तो म्हणाला, "वाया नाही घालवणार, रायरे. घरी सगळे खातील." शेषगिरीनं मान हलवली. मणीनं मासा ओल्या पोत्यात गुंडाळला, पिंपातलं पाणी चिंचेच्या मुळाशी ओतलं आणि त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत आणून सोडलं.

मठापुढून जाताना आतून सांबशिवनं हाक मारली. केंडै बाहेर आले होते. त्यानं पोरी टाकली होती आणि मासे तुटून पडले होते. "ये, बघ तरी! येत्या अमावास्येला सगळ्यांचे पिंड परत घालू, तुझ्या वडिलांचाही. हैदराबादला मी फोन करतो." शेषगिरी दारातूनच बरं म्हणाला आणि पुढे गेला.

घराच्या मागच्या दारानं तो आला. भामा अंगणात तांब्याची भांडी घासत होती. त्याच्या हाताकडे, धोतरावरच्या डागाकडे तिनं बघितलं, आणि आजवर जे जे बोलत आली होती त्यातलं काहीही न बोलता उठली.

"मेला?"

"मारला."

"तिथंच थांबा. काही शिवू नका." ती विहिरीशी गेली. नात्यात कोणी गेल्याची बातमी आली की करतात तसं तिनं त्याला नेसत्या वस्त्रानिशी दगडावर बसवलं आणि डोक्यावरून पाण्याची घागर ओतली. मग दुसरी. त्यानं डोळे मिटून घेतले होते. पुढच्या बाजूला मशीनांवर पहिली बॅच सुरू झाली होती.

"हे स्नान कोणाचं म्हणून?" त्यानं विचारलं.

"ते तुम्हाला ठाऊक," भामा म्हणाली आणि तिसरी घागर भरायला वळली.